अर्ध्या कात्रीवरचा मासा

४ फेब्रुवारी

सुतळीस,

आशीर्वाद मागाहून. आधी शिव्या.

विम्याच्या हपिसातली पंख्याखालची खुर्ची सोडून तू लोकांच्या अंगावर सुईने चित्रं काढायला गेलीस, हे मला तुझ्या आईकडून नाही, जिन्यात भेटलेल्या दूधवाल्याकडून कळलं. आईला विचारलं तर म्हणते, "तिला आवडतं ते." आवडायचं काय, मला दिवसभर लोळायला आवडतं. पण मी जन्मभर लॉन्ड्रीत इस्त्री फिरवली. नसती फिरवली तर तुम्ही दोघींनी काय माझी आवड खाल्ली असती?

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात तू खोटं बोलतेस. कागदावर लिही. शाळा मी चौथीत सोडली, वाचायचं सोडलेलं नाही.

त्या दुकानात नक्की काय करतेस ते कळव. स्वतःच्या अंगावर काही काढून घेतलं असशील तर ते कुठे आहे तेही लिही, म्हणजे भेटशील तेव्हा तिथेच चापट मारता येईल.

तुझी आजी


१५ फेब्रुवारी

ती. आजीस,

डाव्या मांडीवर. पण चापट मारण्याआधी ऐकून घे.

चाव्या बनवणाऱ्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या आहेत. मालकांना सगळे दादा म्हणतात. नाकावर चष्मा, मानेपासून बोटांपर्यंत शाई, आणि आवाज पोस्टातल्या कारकुनासारखा. आमच्या भिंतीवर चित्रं लावलेली नाहीत, की बोट ठेवलं आणि काढून घेतलं. माणूस येतो, बसतो, आपलं काय ते सांगतो, मग त्याच्यासाठी नवं चित्र काढायचं. एक चित्र, एकच अंग. ते पुन्हा दुसऱ्याला द्यायचं नाही, हा दुकानाचा कायदा.

आधी मी फक्त फरशी पुसली आणि सुया गरम वाफेत टाकल्या. मग रबराच्या कातडीवर रेघा. मग स्वतःच्या मांडीवर. तिथे सुई खोल गेली आणि ओल्या कागदावर पेन फुटावं तशी शाई पसरली. दादा म्हणाले, "राहू दे. रोज आंघोळीला बघशील." ती ही मांडी. तिला चापट कमीच आहे.

आता छोटी कामं माझी मी करते. मोठं काम पहिल्यांदाच आलंय, कारण दादांचं मनगट धरलंय. एका गिऱ्हाइकाला जुनं चित्र झाकून त्यावर नवं हवंय. माणूस शिवलेल्या कपड्यांच्या मोठ्या दुकानाचा मालक, लवकरच लग्न करतोय. म्हणाला, "प्रवाहाच्या उलट पोहणारा मासा काढ. मी असाच वर आलोय. आणि असा मासा जगात दुसऱ्या कुणाकडे नको." मी शेपटीला एक खाच असलेला मासा काढला, झगडून आलेला वाटावा असा. खूश झाला. मग जुनं चित्र दाखवायला त्याने बाही वर केली.

आजी, बसून वाच. त्याच्या हातावर कात्रीचं एक पातं आणि बोटांची कडी आहे. आईच्या हातावर आहे ना, त्याचं दुसरं अर्धं. त्याने नाव सांगितलं तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली.

बापाने मला ओळखलं नाही. इथे मला सुतळीच म्हणतात, आणि हे नाव तू तो सोडून गेल्यावर ठेवलेलं. मी विचारलं, "हे का झाकायचंय?" म्हणाला, "तरुणपणातला गाढवपणा."

मी मापं घेतली. आईला सांगू नकोस.

सुतळी


२१ फेब्रुवारी

सुतळे,

सांगत नाही. ती कारखान्यातून थकून येते, दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याचे खिसे शिवून. तिला आणि हे कशाला.

तुला जेवढं माहीत आहे त्याच्या पुढचं ऐक. दोघं शिलाई करायचे. हातावर अर्धी अर्धी कात्री काढून आले तेव्हा मला केवढ्या कौतुकाने दाखवली, हात जोडला की कात्री पुरी. मी तेव्हाच म्हटलं होतं, अर्ध्या कात्रीने कापड कापत नाही. तुझी आई हसली. तू सहा महिन्यांची असताना ती टायफॉईडने दवाखान्यात पडली. मी तिच्या उशाशी. घरी आलो तर तो अर्ध्या, त्या दिवसापासून मी त्याला अर्ध्याच म्हणते, निघून गेलेला, आणि तिची शिलाई मशीन घेऊन गेलेला. कपडे नाही नेले, भांडी नाही नेली. मशीन नेली. बायको मेली असती तर वेगळी गोष्ट, पण ती जगणार होती आणि तिला जगायला ती मशीनच होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ती मशीन आज कुठे आहे माहीत आहे? त्याच्या दुकानाच्या काचेत. दिवा लावून ठेवलीये. खाली पाटी, "माझ्या आईची मशीन. इथून सुरुवात झाली." मी बसमधून पाहिली. फळीवरचा इस्त्रीचा डाग रस्त्यावरून ओळखला. ती इस्त्री आधी माझ्या हातावर पडली आणि मग त्या फळीवर.

आता देवाने त्याचा हात तुझ्या सुईखाली आणून ठेवलाय. तेव्हा काय करायचं ते मी सांगायला नको. शाई पसरते म्हणतेस ना? पसरू दे. चांगला मासा नको, मेलेला बोंबील दिसला पाहिजे. लग्नात फोटो काढताना बाही खाली ओढत फिरला पाहिजे. नाहीतर ते जुनं पातं असं झाक की चार दिवसांनी माशाच्या पोटातून वर येईल.

बाप म्हणून हात मऊ करू नकोस. त्याने तुला कधी पाळण्यातून उचललं नाही. तू रडलीस की तो दोरा तुटला म्हणायचा.

आजी


२ मार्च

ती. आजीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. काचेतल्या मशीनचं मला माहीत नव्हतं.

तू म्हणतेस ते जमतं. खरं तर चांगलं झाकणंच कठीण. जुनी शाई जात नाही गं, भिंतीला रंग दिला असं ते नाही. जुनं खाली तसंच राहतं, नव्यात मिसळतं. म्हणून नव्या चित्रातला सगळ्यात काळा भाग जुन्या रेघेवर नेमका बसवावा लागतो. मी थोडा चुकारपणा केला, पात्यावर गडद खवल्यांऐवजी फिके ठेवले, तर त्या दिवशी सुंदर दिसेल आणि खपली पडल्यावर पातं बाहेर डोकावेल. कुणाला कळणारही नाही की मुद्दाम केलं.

पण मी करणार नाही. रागवायचं तर रागव. तो मासा त्याच्या हातावर असला तरी हात माझा आहे. या धंद्यात आमचं काम रस्त्यावर फिरतं. कुणी विचारलं, "हे कुणी केलं?" तर तो सांगणार, त्या सुतळीने. त्याने आईची मशीन नेली. माझा हात मी त्याला नेऊ देणार नाही.

आणि काम मिळेल की नाही तेच धड नाही. दादांचा नियम आहे, पहिलं मोठं झाकायचं काम गिऱ्हाइकावर करण्याआधी तेच चित्र आपल्या माणसावर करायचं, आणि बरं होताना रोज बघायचं. ते 'एक चित्र, एकच अंग' या कायद्यात धरत नाहीत. पण कोपराखाली डाग आणि त्यावर टीचभर मासा काढून घ्यायला तयार असं माणूस आणू कुठून? मैत्रीण हो म्हणाली होती, तिच्या नवऱ्याने मोडता घातला. माणूस नाही मिळालं तर काम शेजारच्या खोलीतल्या टकल्याकडे जाईल, आणि मी परत फरशीवर.

सुतळी


७ मार्च

सुतळीस,

रागावले होते. लॉन्ड्रीवाल्याच्या पोरीला उगाच बोलले, तिला वाटलं चादरीचं काही झालं. आता राग गेला.

तू म्हणतेस ते बरोबर. आपला हात आपण खराब करू नये. म्हातारपणी मला हे नातीकडून ऐकावं लागतंय, चालायचंच.

माझ्या हातावर इस्त्रीचा डाग आहे, काळा, चांगला टीचभर. कोपराच्या खालीच. इतकी वर्षं लोक विचारतात काय झालं, आणि मी सांगत बसते. माझ्यावर कर. दुखेल म्हणून सांगू नकोस, मी तुझ्या आईला जन्म दिलाय, ती उलटी होती.

फक्त एक. माझ्यावर म्हातारीचा म्हणून सोपा मासा काढायचा नाही. जो त्याला काढणार तोच, तेवढाच, त्याच बाजूला तोंड केलेला, शेपटीच्या खाचेसकट. तुझी परीक्षा आहे, अर्धवट नको.

रविवारी येते. बस कुठे थांबते ते लिही.

आजी


३० मार्च

ती. आजीस,

काम झालं. त्याचं.

तुझा हात कसा आहे? मलम लावतेस ना? खाजवू नकोस, वरून हलकं थोपट. दादा अजून तुझ्याबद्दल बोलतात. म्हणाले, "सैल कातडी म्हणजे ओली साडी ताणून धरून तिच्यावर लिहायचं. हे जमलं तर पुढे काहीही जमेल." आणि तू खुर्चीत बसून मला जे बोलत होतीस, "रेघ काढतेस की आठवण काढतेस," ते टकल्याने भिंतीवर लिहून ठेवलंय.

खपली पडल्यावर तू दाखवायला आलीस तेव्हा माशाच्या पोटाजवळ डागाची कड दिसत होती. ती चूक मला तुझ्यावर कळली, म्हणून त्याच्यावर केली नाही. तिथे खवले आणखी गडद घेतले. पातं गेलंय आजी. मलाच शोधून सापडलं नाही.

तो बसला होता तेव्हा बोलत होता. सुईखाली सगळेच बोलतात. होणारी बायको शिकलेली आहे, दुकानाचे हिशेब ती बघते, तिला हे कात्रीचं आवडत नाही. मी विचारलं, "दुसरं अर्धं कुणाकडे आहे?" तो म्हणाला, "असेल कुठेतरी. मेलीही असेल."

मी सुई उचलली. शाई घ्यायची आहे असं दाखवलं. मग परत टेकवली, आणि आजी, रेघ सरळ आली.

दादांनी त्याला आधीच सांगितलं होतं की हे चित्र शिकताना एका घरच्या माणसावर करून बघितलंय. तो हसला. "कुणी का असेना, माझ्यासमोर येऊ नये म्हणजे झालं."

खपली दाखवायला आलीस त्या दिवशी तू शांत होतीस. मला वाटतं, तुलाही सोडून द्यायचं होतं. बरं वाटलं.

सुतळी


१८ एप्रिल

सुतळीस,

हात छान आहे. मी सोडून दिलं असं तुला का वाटलं, मला कळेना.

अर्ध्याच्या दुकानावर मोठी पाटी आहे, "मापं मालक स्वतः घेतात." मी माझा जुना तपकिरी कोट घातला आणि गेले. गल्ल्यावर त्याची बायको. हो, लग्न झालं. बरी आहे, डोळे जागेवर आहेत. मी म्हटलं, "बाई, कोटाची बाही लांब होते, आखूड करायची. मालक घेतील ना माप?" ती म्हणाली, "घेतील की आजी, बसा."

तो आतून आला, गळ्यात टेप. मला बघितलं आणि टेप खाली पडली. मी म्हटलं, "जावईबापू, उचला. म्हातारीला वाकवत नाही."

बायको म्हणाली, "जावईबापू?"

मी म्हटलं, "आमच्यात मोठ्या दुकानदाराला मानाने म्हणतात." एवढं गोड मी तुझ्या आजोबांशीही बोलले नाही.

आता दुकानात चार गिऱ्हाइकं, पाटी एवढी मोठी, करतो काय? आला माप घ्यायला. मी बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात त्याच्या हातात दिला. त्याला मासा दिसला. खाचेसकट. मी तुला सांगते सुतळे, मी टायफॉईडचे चेहरे बघितलेत, पण हा रंग नवा होता.

बायकोलाही दिसला. "अय्या, हा तर यांच्यासारखा."

"यांच्यासारखा नाही बाई," मी म्हटलं. "यांचा माझ्यासारखा. माझा आधीचा. माझ्यावर शिकली आणि मग यांच्यावर उतरवला."

ती त्याला म्हणाली, "बाही वर करा." करेना. तिने स्वतः केली. दोन हात शेजारी शेजारी, दोन मासे, एकाच बाजूला तोंड. एक गिऱ्हाईक हसलं. ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणालात जगात दुसरा नाही. या कोण?"

तो म्हणाला, "ओळखीच्या आहेत."

मी म्हटलं, "सासू आहे. पहिली."

मग तिला काचेपाशी नेलं. म्हटलं, "माझ्या हातावरचा इस्त्रीचा डाग नातीने झाकला. तीच इस्त्री या फळीवर पडली होती, हा बघा तिचा डाग. मशीन यांच्या आईची नाही. यांच्या आईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. ही माझ्या लेकीची." ती फळीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. परत गल्ल्यावर गेली आणि वही मिटली. हिशेब बघणाऱ्या बाईने वही मिटली की समजावं.

मी कोट टाकून आले. पुढच्या सोमवारी मिळेल.

आजी


२५ एप्रिल

आजी,

मागच्या पत्रात मी लिहिलेलं परत घेते. तू माझा हात वापरलास, मला न सांगता. आदल्या दिवशी सांगितलं असतंस तर मी तुला खुर्चीत बसवलंच नसतं, हे तुला माहीत होतं.

काल तो इथे आला. जिन्यातूनच ओरडत, की चित्र दुसऱ्याला विकलं, दुकान बंद पाडीन. दादांनी चष्मा पुसला. म्हणाले, "विकलं नाही. आधी सांगितलं होतं, तुम्ही हसलात. काम खराब आहे का ते बोला." त्याने बाही वर केली. दादांनी दिव्याखाली धरून पाहिलं, टकल्यालाही बोलावलं. टकल्या म्हणाला, "जुनं कुठे होतं?" काम चोख होतं. मी बोंबील केला असता तर काल फरशीही गेली असती.

मग तो माझ्याकडे वळला. "ती म्हातारी तुझी कोण?"

"आजी."

"बापाची आई?"

"आईची."

तो बघतच राहिला. माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे. हातमोजे घातले होते. मी म्हटलं, "मेलेली नाही आई. कारखान्यात खिसे शिवते."

तो बसायला लागला. मी म्हटलं, "त्या खुर्चीत गिऱ्हाइकं बसतात." उभाच राहिला, आणि मग गेला. मलम किती दिवस लावायचं ते मी त्याला जिन्यात सांगितलं. सगळ्यांनाच सांगावं लागतं.

आजी, मी तुझ्यावर चिडलेली आहे. दादांनी मला आतली खोली दिली. दोन्ही खरं आहे.

सुतळी


१२ मे

सुतळीस,

चीड. चिडलेल्या माणसाची रेघ सरळ येते, हे तूच लिहिलं होतंस.

काल मशीन आली. हातगाडीवरून, चादरीत गुंडाळून. त्याने नाही, त्याच्या बायकोने पाठवली. सोबत चिठ्ठी वगैरे काही नाही, शहाणी आहे. काचेत आता एक पुतळा उभा केलाय, सूट घातलेला. तोही अर्धाच, एकच हात आहे.

तुझी आई कामावरून आली. दारातच थांबली. मला वाटलं आता विचारेल, आणि मी तयारीत होते. तिने पदर खोचला, चाक फिरवून बघितलं, म्हणाली, "पट्टा सैल सोडलाय मेल्याने." मग तेल मागितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने माझ्यासमोर बाही वर सरकवली. अर्धी कात्री आहे तशी आहे, फिकी झालीये. मी म्हटलं, "सुतळी झाकून देईल, मासा नको तर दुसरं काहीतरी." तर म्हणाली, "झाकायचं कशाला? अंगठा माझ्याकडच्या कडीत जातो."

रात्रीपासून खडखड चालू आहे. मला झोप नाही, तिला सांगितलंस तर बघ.

तुझ्या आईला वाटतं, मशीन आली, आता संपलं. ती म्हणाली, "आई, आता तिकडे जाऊ नकोस." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, दळण आणायला गेले.

दर सोमवारी जाते मी. मशीन द्या आणि येणं बंद करते, असं मी कधी कुणाला म्हटलं होतं? पाटी अजून आहे, मापं मालक स्वतः घेतात. दर वेळी मी म्हणते, "जावईबापू, बाही अजून जरा लांब वाटते," आणि हात पुढे करते. तो टेप लावतो. मासा माशाला भेटतो. बायको गल्ल्यावरून बघते आणि पावती फाडते, पूर्ण पैशांची, मला सूट देत नाही. आवडली मला ती.

कोटाची बाही आता खांद्याला येऊन टेकली. आखूड करायला काही उरलं नाही.

तुझ्याकडे एखादा जुना कोट असेल तर पाठव. लांब बाह्यांचा.

आजी